शेंदरी डोक्याचे बोल्ट

शिवांजली: मामा, बॅटरी जरा खाली धरा. अजून खाली. हां, तिथंच.

नाथाजी: अगं, किती येळ त्या पंखाखाली झोपून ऱ्हानार? रविवारची एक सुट्टी तुला. कुपवाडनं दोन तास यष्टीत बसून आलीस, आन् आल्या आल्या इमानाखाली घुसलीस. सासूला तरी तोंड दावलंस का?

शिवांजली: आत्या फाटकातच भेटल्या की. म्हणाल्या, आधी तुझ्या सासऱ्याचं काय ते बघून घे, न्हाईतर त्येंच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. हा नट कधी आवळला तुम्ही?

नाथाजी: दिवाळी झाली न् दुसऱ्या दिवशी. आधी पंखाच्या मुळातलं चारी बोल्ट, मंग तिरप्या दांड्यांचं, मंग शेपटीचं. डोकं वर, नट खाली. का, सांग बघू?

शिवांजली: नट पडला तरी बोल्ट आपल्या वजनानं जागेवर राहतो.

नाथाजी: शाब्बास. आन् परत्येक नटावर तुजी लाल नेलपॉलिश वढलीया. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडतीया. पल्टनीत हेलिकॉप्टरला आमी हेच करायचो, फकस्त रंग सरकारी असायचा.

शिवांजली: रेघा सगळ्या शाबूत आहेत. माझी बाटली तेवढी संपली.

नाथाजी: गुरुवारी तपासनीस सायेब सही करून गेला की बाटल्यांचं खोकंच आनतो तुला. बावीस वर्सं दुसऱ्याची हेलिकॉप्टरं दुरुस्त केली पोरी. सायेब लोक उडून जायाचं, आमी खाली हूबं ऱ्हाऊन धुरळा खायाचा. तवाच ठरवलं हुतं, एकदा आपल्या हातानं बनवून आपुनच उडवायचं. साठीला लायसन काढलं, तवा गाव हसलं. म्हशी इकून ह्या गोठ्यात इमान मांडलं, तवा तर तुजा नवरा बी हसला. सात वर्सं झाली. आता सही झाली की चाकं जमीन सोडत्यात.

शिवांजली: मामा.

नाथाजी: काय?

शिवांजली: ह्या बोल्टाच्या डोक्यावर फुली नाही.

नाथाजी: असंल की. उजेड वाकडा पडला असंल.

शिवांजली: आरसा लावून बघितलं. बोट पण फिरवलं. विमानाच्या बोल्टाच्या डोक्यावर फुली कोरलेली असते, हे तुम्हीच मला शिकवलंत. इथं तीन रेघा आहेत. अशा रेघा ट्रॅक्टरच्या बोल्टावर असतात. दिवसातनं बोल्टांची हजार डोकी बघते ओ मी, कारखान्यात तेच माझं काम आहे.

नाथाजी: माज्या इमानाला टॅक्टरचा बोल्ट?

शिवांजली: अडीच सुताचाच आहे, आटे पण तेच. म्हणून नट गुमान बसला. तुम्ही जुळणीच्या वेळी कच्चे बोल्ट वापरत होता ना? तेच हे.

नाथाजी: ती वापरायचीच असत्यात. पंख धा बारी घालावा लागतो, काढावा लागतो. दर बारीला पक्का बोल्ट घातला तर त्याची वाट लागंल. म्हनून पप्पूच्या टॅक्टरच्या दुकानातनं कच्चं आनलं हुतं. पन त्येंची डोकी मी शेंदरी रंगानं रंगवली हुती. मारुतीसारखी लालबुंद. शेंदरी दिसलं की कच्चं, बिनरंगाचं म्हंजी पक्कं. आंधळ्याला बी कळावं असा बंदोबस्त हुता.

शिवांजली: मग ती शेंदरी डोकी कुठं आहेत?

नाथाजी: पप्पू घेऊन गेला असंल. त्याचीच हुती.

शिवांजली: तुम्ही विचारलं त्याला?

नाथाजी: इचारायचं कशाला? डब्यात एक बी शेंदरी न्हवता. सगळी चकचकीत. थोडी जादा वाटली, पन म्हनलं सूनबाईनं यादीत चार वाढवून मागवली असतील.

शिवांजली: मी एकही वाढवला नव्हता. जरा सरका, शेपटीकडं जाते.

नाथाजी: ऱ्हाऊ दे. आधी च्या पी.

शिवांजली: मामा, बॅटरी धरा.

नाथाजी: हं. धरली.

शिवांजली: हा फुलीचा. हा पण फुलीचा. हा नाही. हा नाही. पुढचा फुलीचा. सगळे एकात एक मिसळलेत.

नाथाजी: पंखाच्या मुळात किती?

शिवांजली: चारातले दोन कच्चे. एक डावीकडं, एक उजवीकडं.

नाथाजी: म्हंजी वर गेलो असतो, आन् वळान घेताना...

शिवांजली: बसा जरा. ह्या डब्यावर बसा.

नाथाजी: बसाय काय झालंय मला. ह्ये एकात एक कुनी मिसळलं, त्ये सांग आधी. दोन डबं हुतं. बिस्किटाच्या डब्यात पक्कं, च्याच्या डब्यात कच्चं. मी सोता चिठ्ठ्या चिकटवल्या हुत्या.

शिवांजली: आता ते शोधून काय करायचंय? बोल्ट बदलूया.

नाथाजी: शोधाय नगं? पल्टनीत एक पाना गावला न्हाई तर अख्खं हेलिकॉप्टर जाग्यावर हुबं करायचो आमी. गावंपत्तुर कुनी जेवायचं न्हाई. इथं माजा जीव टांगायचा हाय ह्येच्यावर.

(बनुबाई चहा घेऊन येते.)

बनुबाई: कुनाचा जीव टांगताय दिवसाढवळ्या? घे गं बाय, च्या घे. गुळाचा हाय. आजच नव्या गुळाची ढेप फोडली. आवं, तुमी असं का बसलाय? पुतळा बशिवल्यावानी.

नाथाजी: काय न्हाई.

बनुबाई: काय न्हाई कसं. सकाळपास्नं सून येनार, सून येनार म्हनून उड्या मारत हुता. इमान दावायचं, खुर्च्या दावायच्या. दावलं का तिला, दुसऱ्या खुर्चीला गादी बी शिवून घेतलीया? वाळूचं पोतं बसवायचं म्हनं तिथं. पोत्याला गादी. मला लगनात बी शिवली न्हाई कुनी.

नाथाजी: ती गादी तुज्यासाठी शिवलीया, म्हाईत हाय तुला. पोतं फकस्त पयल्यांदा.

बनुबाई: मी न्हाई बसायची. सात वर्सं सांगतीया. माजं माहेर माणच्या दुष्काळी मुलखातलं. तिथं आकाशाकडं बगायचं त्ये फकस्त पावसासाठी. तिकडं जायाचं म्हनून कुनी बगितलं न्हवतं. शिवांजली, तू का गप? च्या गोड झाला व्हय जास्त?

शिवांजली: नाही आत्या, झकास झालाय.

बनुबाई: मंग तोंड का असं? माज्या इंद्रजितचा फोन आला न्हाई का?

शिवांजली: काल आला की. बर्फ पडलाय म्हणाला तिकडं. बाकी बरा आहे.

बनुबाई: मंग काय झालंय? दोघं बी माज्याकडं बगंनासं झालाय. मी काय घोडं मारलं तुमचं?

नाथाजी: बनु, एक इचारतो. खंडेनवमीला हत्यारं पुजलीस न्हवं?

बनुबाई: पुजली की. दरसालच्यागत. कोयतं, खुरपी, नांगराचा फाळ, आन् तुमचं हे समदं. पानं, हातोड्या, ती मोठी कट्टकन वाजनारी पकड.

नाथाजी: टॉर्कचा पाना म्हनत्यात त्येला.

बनुबाई: असंल. आन् डब्यातलं बोल्ट बी. तुमी त्या दिशी कराडला गेलता कागदाला, सांजंला आला. मी म्हनलं, येवढं सात वर्सं ज्याच्यापायी रात न् दिस एक केला, त्ये देवापुढं मळकं कशाला ठेवायचं. तांब्याच्या घंगाळात चिंच कोळली, आदल्या दिशी घातली भिजत समदी. सकाळी राख लावून काथ्यानं घासली एकूनएक. काय पिवळंपिवळं डाग हुतं, समदं गेलं. आन् काही डोक्यांवर रंग हुता, पापुद्रं सुटल्याला. त्यो बी खरवडला उलथन्यानं. देवापुढं पोपडं सुटल्यालं ठेवत्यात व्हय? चांदीसारखी झाली हुती. मंग परातीत मांडली, हळद-कुकू व्हायलं. तुमी फोटू काढला न्हवता का?

शिवांजली: काढला होता. मला पण पाठवला होता.

बनुबाई: बग. आन् मंग दोन डबं कशाला पायजेत, म्हनून एकाच स्टीलच्या डब्यात भरली. बिस्किटाच्या डब्यात दिवाळीच्या शंकरपाळ्या गेल्या. का? काय चुकलं?

शिवांजली: आत्या, चहा घ्या तुम्ही पण.

बनुबाई: च्या नगं. काय चुकलं सांग आधी. शिवांजली, तुज्या सासऱ्याचा चेहरा असा मी एकदाच बगितलाय, त्येंचा दोस्त वारल्याची तार आली तवा.

नाथाजी: तुजं काय चुकलं न्हाई. तू जा, भाकऱ्या बग.

बनुबाई: भाकऱ्या झाल्या. झाकून ठेवल्यात. बोला.

नाथाजी: त्यो शेंदरी रंग माजी खून हुती. ज्याला रंग, त्यो कच्चा. इमान उडायच्या आदी काढून टाकायचा.

बनुबाई: आन् मी रंग काढला.

नाथाजी: व्हय.

बनुबाई: आन् दोन डब्यांचा एक केला.

नाथाजी: व्हय.

बनुबाई: आन् तुमी त्येच बशिवलं.

शिवांजली: आत्या, अजून कुणी उडालेलं नाही. आज सापडलंय. सगळं काढून नवं घालायचं, बास.

बनुबाई: थांब तू. मला एकच सांगा. ती कच्ची तशीच ऱ्हायली असती, आन् हे वर गेलं असतं, तर?

नाथाजी: आता कशाला त्ये.

बनुबाई: सांगा.

नाथाजी: कच्चा म्हंजी लगीच तुटतो असं न्हाई. पन भरवसा न्हाई. पंखाचा बोल्ट तुटला तर पंख ऱ्हात न्हाई, आन् पंख न्हाई ऱ्हायला तर मानूस ऱ्हात न्हाई.

बनुबाई: म्हंजी मी देवापुढं तुमचं मरान मांडलं, वर हळद-कुकू व्हायलं, न् हात जोडलं.

नाथाजी: अगं, असं काय बोलतीस.

बनुबाई: मंग कसं बोलू? करायला गेले गनपती न् झाला मारुती. मला अक्कल न्हाई त्या कामातली, तर हात कशाला लावला मी? बावीस वर्सं पल्टनीतनं तुमी हातीपायी धड परत यावं म्हनून दर मंगळवार धरला. आन् आता घरात बसून मीच... शिवांजली, त्यो पाट दे गं हिकडं, बसू दे मला.

शिवांजली: बसा. पाणी घ्या. आत्या, माझ्याकडं बघा. चूक एकट्या तुमची नाही. माझी पण आहे.

नाथाजी: तुजी? तू तर सांगलीत.

शिवांजली: दसऱ्याला फोटो बघितला तेव्हाच मला खटकलं होतं. पक्क्या बोल्टांवर पिवळसर मुलामा असतो, गंज धरू नये म्हणून. फोटोत सगळे पांढरे दिसत होते. आणि मोठा करून बघितला तर परातीत आकडा पण जास्त वाटला.

नाथाजी: तवाच बोलायचं की मंग.

शिवांजली: कसं बोलणार? तुम्ही खाली लिहिलं होतं, तुझ्या आत्यांनी दोन दिवस खपून घासलेत, बघ कसे चमकतायत. सणादिवशी आत्यांचं मन मोडायचं? म्हटलं, बसवायच्या आधी जाऊन हळूच वेगळे करू. मग दिवाळीत कंपनीनं सुट्टी दिली नाही, आणि तुम्ही बसवून मोकळे. काल रात्रभर तेच डोक्यात. म्हणून आज आले. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी, आत्या.

बनुबाई: म्हंजी तुला ठावं हुतं, आन् तू माज्यापायी गप ऱ्हायलीस?

शिवांजली: फोन करायला हवा होता. चुकलंच.

नाथाजी: थांबा दोघी बी. आता माजं ऐका. मुलामा गेल्याला मला बी दिसला हुता.

शिवांजली: मामा?

नाथाजी: दसऱ्याच्या दिशीच. हातात घेतलं न् कळलं. चिंचंनं मुलामा खाल्लाय. म्हनलं, बोललो तर ही दोन दिस जेवायची न्हाई. त्याल लावीन, चालतंय. बावीस वर्सांच्या नोकरीत 'चालतंय' म्हननाऱ्या पोराला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात. आन् सोताच्या इमानाला म्हनलं, चालतंय.

बनुबाई: माज्यासाठी?

नाथाजी: मंग काय शेजारणीसाठी? तू हात काळं करून घासली हुतीस. काय बोलनार मी.

शिवांजली: पण मामा, मुलाम्याचं एक झालं. फुली तर चिंचेनं जात नाही, ती कोरलेली असते. बोल्ट घालताना तुम्ही डोकं बघितलं नाही? तुमचंच वाक्य आहे की ते, रंगावर जाऊ नका, डोकं वाचा.

नाथाजी: हं.

शिवांजली: बघितलं नाही का?

नाथाजी: बगितलं.

बनुबाई: मी सांगते. बगितलं, पन दिसलं न्हाई.

नाथाजी: बनु.

बनुबाई: आता तुमी बी बोला की. आमी दोघी बोललो न्हवं खरं खरं. चार म्हैनं झालं, ह्यो मानूस पेपरची निस्ती मोठी अक्षरं वाचतो न् घडी घालून ठेवतो. सुईत दोरा घालाय गेलं की म्हनत्यात, सुईचं भोकच बारीक झालंय हल्ली. भातातला खडा दाताखाली आल्यावरच कळतो. डॉक्टरनं चष्मा दिलाय जवळचा. कुठं ठेवलाय इचार.

शिवांजली: कुठं ठेवलाय?

नाथाजी: इमानाच्या नकाशाच्या पेटीत. तळाला.

शिवांजली: का पण, मामा?

नाथाजी: गुरुवारी सायेब येनार. सदुसष्ट वर्सांचा म्हातारा, डोळ्यावर चष्मा, हातात पाना. त्येनं म्हनलं असतं, काका, आता घरी बसा, नातवंडं खेळवा. लांबचं मला गरुडासारखं दिसतंय. डोंगरावरची शेळी मोजून दावतो. जवळचंच तेवढं पुसट झालंय. म्हनलं, सही होऊ दे, मंग घालू.

शिवांजली: साहेब चष्मा नाही बघत, बोल्ट बघतो. चष्मा घालून चालवणारे किती तरी आहेत.

नाथाजी: म्हाईत हाय. समदं म्हाईत हाय. तरी मन म्हनतं, चष्मा लावला की म्हातारा झालो.

बनुबाई: म्हातारं तुमी मला बगाय आला तवापास्नंच हायसा. मांडी घालून बसलं, त्ये उठताना भिताडाला हात लावला हुता.

नाथाजी: पायाला मुंग्या आल्या हुत्या.

बनुबाई: असू दे. शिवांजली, आता काय करायचं त्ये सांग. तुज्या कारखान्यात असं झालं तर काय करता?

शिवांजली: चिंचेत रात्रभर भिजलेला बोल्ट, फुली असो नसो, मी पास करणार नाही. आंबटानं पोलाद आतनं ठिसूळ होऊ शकतं, वरनं कळत नाही. सगळे भंगारात. आणि ही घ्या पिशवी.

नाथाजी: काय हाय?

शिवांजली: फोडू नका, आधी सील बघा. यादीप्रमाणे अडतीस बोल्ट, दोन जादा. नवे नट, वायसर आणि पिना. बंगळूरहून मागवले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच. परवा आले. सोबत दाखल्याचा कागद आहे, साहेबांना तोच लागतो.

नाथाजी: तू मागवून ठेवलंस? आन् हितं आल्यावर अर्धा तास पंखाखाली झोपून बोल्ट बगत बसलीस?

शिवांजली: मला वाटलं, कदाचित तुम्ही बघून वेगळे केले असतील. मग पिशवी गपचूप परत नेली असती. तुम्हाला काय, आत्यांना काय, कळलंच नसतं.

नाथाजी: बनु, अशी सून मिळाया आपुन मागल्या जन्मी काय केलं हुतं गं?

बनुबाई: मी केलं असंल. तुमी तवा बी इमानं बनवत बसला असाल. शिवांजली, हिकडं ये. डोक्यावरनं बोटं मोडू दे. सासूचं मन राखाय गेलीस, पोरी, पन परत असं करू नगंस. मन मोडलं तर जुळतं. ही वस्तू मोडली तर जुळायची न्हाई.

शिवांजली: नाही करणार.

नाथाजी: चला मंग. जेवायच्या आदी पंखाच्या मुळातलं चार तरी काढू. आन् शिवांजली, ती कामाची वही आन. आजची तारीख घाल. लिव.

शिवांजली: काय लिहू?

बनुबाई: माजं नाव घाल. बनुबाईनं चिंचंनं धुतलं, रंग खरवडला, डबं एक केलं. लपवायचं कशाला.

नाथाजी: तसलं काय लिवायचं न्हाई. लिव, नाथाजीनं चष्मा न लावता, डोकं न वाचता अडतीस बोल्ट बसवले. चूक ध्यानात आली. समदे काढून नवे घातले. खाली मी सही करतो. सायेबाला गुरुवारी आपनहून ह्येच पान आधी दावायचं.

शिवांजली: दिलं नापास तर?

नाथाजी: तर परत करू. सात वर्सं गेली, आनखी सात म्हैनं काय जड हायेत. पन लपवून सही घेतली तर ती सही वर गेल्यावर माज्या ध्यानात ऱ्हाईल.

बनुबाई: आता चष्मा काढा त्या पेटीतनं.

नाथाजी: काढतो. हं. लावला. कसा दिसतो?

शिवांजली: मास्तरांसारखे.

बनुबाई: बरं दिसताय. लगनात असता तर मी जरा लवकर हो म्हनलं असतं.

नाथाजी: ही फुली व्हय. अगं, केवढी ठळक हाय ही. मला वाटलं कंपनीनं बारीक केली.

शिवांजली: मी जुना काढते, मामा नवा घालतील आणि आवळतील. पण मधे एक तिसरं माणूस लागतं, प्रत्येक डोकं हातात देण्याआधी वाचायला. आमच्याकडं एकाचं काम दुसरा तपासतो. करणारा आपलं आपण पास करत नाही.

बनुबाई: मी वाचते.

नाथाजी: तू?

बनुबाई: मला शाळा न्हाई, फुली तर कळती न्हवं? पायलीभर तांदळातनं एक खडा हुडकून काढते मी. दे गं ती पिशवी. आन् घंगाळ पार लांब ठेवा माज्यापास्नं.

शिवांजली: घ्या. एकेक घ्या, बोट फिरवा, मोठ्यानं बोला.

बनुबाई: फुली हाय. घ्या. फुली हाय. घ्या. ही बी हाय. आवं, हळू, येवढा जोर कशाला लावताय?

नाथाजी: पाना जड हाय.

बनुबाई: पाना रोजचाच हाय. सावकाश आवळा. काय घाई न्हाई.

नाथाजी: कट्ट वाजलं. झाला. शिवांजली, नेलपॉलिश?

शिवांजली: नवी बाटली आणलीय. गुलाबी मिळाली.

नाथाजी: लढाऊ मानसाच्या इमानाला गुलाबी?

बनुबाई: लावू दे गुलाबी. दिसायला बरी. फुली हाय, घ्या. आन् शिवांजली, ह्या आतल्या खुर्चीपाशी दोन बोल्ट हायेत, हे कसलं? मी मगाचपास्नं बोट फिरवतीया. ह्येंच्यावर फुली न्हाई.

नाथाजी: ती ऱ्हाऊ देत.

बनुबाई: का?

नाथाजी: दुसऱ्या खुर्चीच्या पट्ट्याची हायेत. मानसाला बांधून ठेवायचा पट्टा. त्ये दोन यादीत घातलंच न्हाईत मी. पप्पूकडनं येगळं आनून कच्चंच घातलं. तू बसनार न्हाईस म्हनलीस, आन् वाळूच्या पोत्याला काय, कच्चं बी चालतंय.

शिवांजली: आत्या? काय झालं?

बनुबाई: पिशवीत दोन जादा हायेत म्हनलीस न्हवं?

शिवांजली: आहेत की.

बनुबाई: फुली हाय. ही बी हाय. घ्या, ती दोन बी बदला.